विनामॅक आणि ग्रँड टर्क : एका तासाचा इतिहास

सूर्याला विचारलं तर विनामॅक आणि ग्रँड टर्क यांच्यात १ तास, १ मिनिट आणि ५३ सेकंदांचं अंतर आहे. फोनला विचारलं तर काहीच नाही. उन्हाळा असो की हिवाळा, दोन्हीकडची घड्याळं आज बारा महिने एकच वेळ दाखवतात.

हिशेब सोपा आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. ग्रँड टर्क ७१ अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास आहे आणि विनामॅक साडेशहाऐंशीच्या जरा पुढे. म्हणजे बेटावर माध्यान्ह झाल्यावर तासाभराने विनामॅकला माध्यान्ह होते. घड्याळं मात्र एक. आणि ही एकी काही परंपरागत नाही, ती २०१८ सालची आहे. त्याआधीच्या बारा वर्षांत या दोन्ही ठिकाणांनी एकेकदा आपली प्रमाणवेळ बदलून पाहिली आणि दोन्ही पुन्हा मागे फिरली. माझं काम कॅलेंडरच्या सॉफ्टवेअरचं आहे, त्यामुळे टाइम झोनच्या यादीत ही दोन नावं माझ्या रोजच्या नजरेखालची. न्यूयॉर्क, लंडन, टोकियो यांच्या रांगेत अडीच हजार वस्तीचं गाव काय करतंय, हा प्रश्न पडला आणि त्याचा माग काढत मी या दोन माघारींपर्यंत पोचले.

आधी गावांची ओळख. विनामॅक हे इंडियाना राज्याच्या वायव्य भागातलं गाव, पुलास्की काऊंटीचं मुख्यालय. आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाण म्हणा, फक्त वस्ती अडीच हजारांच्याही आत. पोटावाटोमी या मूळनिवासी जमातीच्या एका प्रमुखावरून नाव पडलेलं. टिप्पेकनू नदी, आणि चहूबाजूंना मका आणि सोयाबीन. गावाची सगळी अडचण नकाशावर दिसते. वायव्येला सव्वाशे किलोमीटरवर शिकागो, दक्षिणेला त्याहून थोडं लांब राज्याची राजधानी इंडियानापोलिस. शिकागो चालतं ‘सेंट्रल’ वेळेवर, इंडियानापोलिस ‘ईस्टर्न’ वेळेवर. विनामॅक मधोमध.

ग्रँड टर्क ही टर्क्स अँड केकोस या ब्रिटिश प्रदेशाची राजधानी, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं बेट. काटेकोर भूगोलात हा द्वीपसमूह अटलांटिकमध्ये येतो, पण इतिहासाने आणि कारभाराने तो कॅरिबियनचा आहे, कॅरिकॉम या संघटनेचा सहयोगी सदस्यही आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्म्युडाचे लोक इथे मीठ काढायला येऊ लागले आणि पुढे जवळजवळ तीनशे वर्षं हे बेट मिठागरांवर जगलं. मिठाला घड्याळ लागत नाही. ऊन आणि वारा लागतो, आणि माणसं लागतात. ती माणसं गुलाम होती. मेरी प्रिन्स या स्त्रीने स्वतःच्या गुलामीची हकीकत सांगितली, ती १८३१ साली लंडनमध्ये छापून आली. तिच्या आयुष्याची काही वर्षं याच मिठागरांत गेली. पहाटे चारपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून फावडं चालवायचं, असं ती सांगते. या बेटावर ‘किती वाजले’ हे कोण ठरवतं, या प्रश्नाची सुरुवात माझ्या लेखी तिथून होते.

१८७४ साली ही बेटं जमैकाच्या कारभाराखाली गेली. मग घड्याळही जमैकाचं झालं. टाइम झोनच्या नोंदींप्रमाणे १९१२ पर्यंत ग्रँड टर्कवर किंग्स्टनची वेळ चाले. ती बेटाच्या स्वतःच्या सूर्यापेक्षा २२ मिनिटांहून जास्त मागे होती. ग्रँड टर्कवर सूर्य माथ्यावर आलेला असायचा आणि कचेरीतल्या घड्याळात साडेअकरा वाजून सातेक मिनिटंच झालेली असायची. १९१२ मध्ये किंग्स्टनची वेळ जाऊन ग्रिनिचच्या पाच तास मागची, म्हणजे अमेरिकेची ईस्टर्न वेळ आली. १९७९ पासून उन्हाळ्यात तास पुढे करण्याची अमेरिकी पद्धतही आली. चलन त्याआधीच डॉलर झालेलं होतं. मीठ संपलं होतं, पर्यटन सुरू होत होतं आणि पाहुणे येणार होते ते मायामीच्या विमानाने. मालक बदलत गेले तसं घड्याळ बदलत गेलं, इतकं सरळ हे आहे.

इंडियानातली गोष्ट इतकी सरळ नाही. टाइम झोनवर भांडावं तर या राज्याने.

१८८३ मध्ये रेल्वे कंपन्यांनी अमेरिकेत प्रमाणवेळा आणल्या. १९१८ मध्ये त्यांचा कायदा झाला. तेव्हा अख्खं इंडियाना सेंट्रल वेळेत होतं, शिकागोबरोबर. पुढे पूर्वेकडची शहरं ईस्टर्नकडे ओढू लागली. १९६१ मध्ये सरकारने राज्याच्या मधून रेघ ओढली, आणि त्या दशकाच्या अखेरीस बहुतेक राज्य ईस्टर्नमध्ये गेलं. राहिला डेलाइट सेव्हिंगचा, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याचा प्रश्न. शेतकऱ्यांना ते नको होतं. ही पद्धत शेतकऱ्यांसाठी आली असा एक समज जगभर आहे, तो साफ उलटा आहे. गवतावरचं दव सूर्य निघाल्यावरच वाळतं, गाय तिच्या वेळेलाच दूध देते, आणि घड्याळ तासभर पुढे गेलं की मजूर मात्र तासभर आधी घरी जातो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंडियानाने एक तोडगा काढला. ईस्टर्न भागातल्या बहुतेक काऊंट्यांनी घड्याळाला वर्षभर हात लावायचाच नाही.

मला हा तोडगा फार आवडतो. घड्याळ जागेवर राहिलं आणि शेजारी हलत राहिले. हिवाळ्यात इंडियानाची वेळ न्यूयॉर्कशी जुळायची आणि उन्हाळ्यात शिकागोशी. तीस-पस्तीस वर्षं हे असं चाललं. गॅरी आणि एव्हान्सव्हिलकडचे कोपरे शिकागोच्या वेळेवर होते. सिनसिनाटी आणि लुईव्हिलच्या बाजूच्या काही काऊंट्यांनी तर कायदा धाब्यावर बसवून शेजारच्या शहरांप्रमाणे घड्याळ पुढे करायचं ठरवलं, आणि कोणी त्यांना पकडायला गेलं नाही. ज्यांनी जुन्या विंडोजवर कधी टाइम झोनची यादी उघडली असेल त्यांना ‘इंडियाना (ईस्ट)’ अशी एक वेगळी ओळ आठवत असेल. ती ओळ म्हणजे हा तोडगा.

२००५ मध्ये गव्हर्नर मिच डॅनियल्स यांनी तो मोडीत काढला. बाहेरच्या माणसाला इंडियानात किती वाजले ते कळत नाही, त्यामुळे धंदा मार खातो, हा युक्तिवाद होता. प्रतिनिधिगृहात विधेयक ५१ विरुद्ध ४६ मतांनी, कसंबसं पास झालं. २ एप्रिल २००६ पासून सगळ्या राज्याने घड्याळं पुढे-मागे करायची. आता शेजाऱ्यांबरोबर हलायचंच आहे, तर कोणत्या शेजाऱ्याबरोबर, हा प्रश्न प्रत्येक काऊंटीपुढे आला. डझनाहून जास्त काऊंट्यांनी सेंट्रलमध्ये जाण्याचे अर्ज केले.

अमेरिकेत हे अर्ज कोणाकडे जातात, तर परिवहन खात्याकडे. रेल्वेच्या काळापासून हा कारभार दळणवळणवाल्यांकडे आहे. कसोटी कायद्यातच लिहिलेली आहे: व्यापाराची सोय. खातं विचारतं की तुमच्या दुकानांत माल कुठून येतो, टीव्ही आणि रेडिओ कुठून लागतो, वर्तमानपत्र कोणत्या शहराचं येतं, विमानतळ कुठला जवळचा, लोक नोकरीला कुठे जातात, शिकायला कुठे जातात. थोडक्यात, तुम्ही कोणावर अवलंबून आहात? या प्रश्नावलीत सूर्य शोधूनही सापडत नाही.

जानेवारी २००६ मध्ये खात्याने आठ काऊंट्यांचे अर्ज मंजूर केले. त्यात पुलास्की होती. आणि मग २ एप्रिलची ती रात्र आली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळं एक तास पुढे गेली. विनामॅकमध्ये ती हललीच नाहीत. कारण ईस्टर्नमधून सेंट्रलमध्ये जाताना तास मागे यायचा होता आणि उन्हाळ्यासाठी तोच तास पुढे जायचा होता. वजाबाकी आणि बेरीज एकाच क्षणी. झोनचं नाव बदललं, काटे होते तिथेच राहिले. तोवर दर उन्हाळ्यात शिकागोशी जुळायचं तसंच ते याही उन्हाळ्यात जुळलं. फरक कळला तो ऑक्टोबरच्या शेवटी, पहिल्यांदाच घड्याळ मागे केल्यावर. त्या हिवाळ्यात इंडियानापोलिस तासभर पुढे होतं. राजधानी, सरकारी कचेऱ्या आणि पूर्वेकडच्या शेजारच्या काऊंट्या एका वेळेवर, आणि आपण दुसऱ्या.

पुलास्कीने परत जायचा अर्ज केला आणि तो मान्यही झाला. तारीख ठरली ११ मार्च २००७. त्या वर्षीपासून डेलाइट सेव्हिंग एप्रिलऐवजी मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊ लागलं होतं, तोच हा रविवार. या वेळी मात्र बेरीज आणि बेरीज. सेंट्रल ते ईस्टर्न एक तास, हिवाळा ते उन्हाळा दुसरा तास. विनामॅकचे लोक रात्री झोपले आणि उठले तेव्हा घड्याळ दोन तास पुढे गेलेलं होतं. आठांपैकी आणखी पाच काऊंट्या त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतल्या. दोनच सेंट्रलमध्ये राहिल्या.

ग्रँड टर्कची माघार याच्याशी इतकी मिळतीजुळती आहे की पहिल्यांदा नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा मी तारखा पुन्हा तपासल्या. भ्रष्टाचाराच्या चौकशीनंतर २००९ मध्ये ब्रिटनने टर्क्स अँड केकोसचं निवडून आलेलं सरकार बाजूला केलं होतं. ते २०१२ च्या अखेरीस परत आलं. या नव्या सरकारच्या काळात ठरलं की आपण अमेरिकेबरोबर घड्याळ मागे-पुढे करायचं नाही, ‘अटलांटिक’ वेळ वर्षभर ठेवायची. पूर्व कॅरिबियनमधल्या बेटांची हीच वेळ आहे. मार्च २०१५ मध्ये घड्याळ नेहमीप्रमाणे पुढे गेलं आणि नोव्हेंबरमध्ये ते मागे आलं नाही. इथेही सुरुवातीला कोणाला काही जाणवलं नसणार. नाव बदललं होतं, काटे मायामीच्या बरोबरीने होते. फरक पडला तो नोव्हेंबरमध्ये, मायामी तासभर मागे गेल्यावर. आणि हिवाळा हाच तर इथला पर्यटनाचा हंगाम.

तीन हिवाळे असे गेले. डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत सरकार बदललं आणि नव्या सरकारने ईस्टर्नमध्ये परतायचं ठरवलं. ११ मार्च २०१८. विनामॅकच्या परतीला त्या दिवशी बरोबर अकरा वर्षं झाली होती. अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे गेली, ग्रँड टर्कवरची जागेवर राहिली आणि दोन्ही एक झाली. विनामॅकमध्ये जाताना काटे हलले नव्हते, इथे परतताना हलले नाहीत.

(याच भागात याहून छोटा प्रयोगही झालेला आहे. डोमिनिकन रिपब्लिकने २९ ऑक्टोबर २००० रोजी घड्याळ मागे घेऊन अमेरिकेची वेळ धरली आणि ३ डिसेंबरला सोडली. पस्तीस दिवस.)

आता दोन्ही गावांचा सगळा काळ एकत्र मांडून पाहा. १९७९ ते २००५ हिवाळ्यात फरक शून्य, उन्हाळ्यात एक तास, कारण बेट हलायचं आणि विनामॅक नाही. एप्रिल २००६ ते मार्च २००७ सलग एक तास. मग शून्य. २०१५ ते २०१८ उन्हाळ्यात शून्य, हिवाळ्यात एक तास. मग कायमचं शून्य. सूर्याचा खरा फरक आहे एक तास दोन मिनिटांच्या आत. म्हणजे बारा महिने सलग सूर्याप्रमाणे चालण्याच्या जवळ ही दोन गावं फक्त एकदाच आली, विनामॅकच्या त्या अकरा महिन्यांत. लोकांना तो काळ गैरसोयीचा वाटला आणि त्यांनी तो संपवला. विनामॅक सूर्याप्रमाणे शिकागोचं आहे, कारभाराने इंडियानापोलिसचं. त्याने कारभार निवडला. ग्रँड टर्कचं उलट आहे. ते रेखांशाने ईस्टर्नमध्येच बसतं, शेजारच्या बेटांच्या नात्याने ते अटलांटिककडे गेलं आणि परत आलं ते मायामीच्या ओढीने. त्यातून वेळ सूर्याच्या जवळ आली हा योगायोग.

दोन्हीकडच्या लोकांना मी भाबडं म्हणणार नाही. मोठ्या गावाच्या सावलीत राहणाऱ्याला मोठ्या गावाचं घड्याळ परवडतं. मला खटकते ती पुढची गोष्ट, नोंदींची.

जगातले बहुतेक फोन आणि सर्व्हर एकाच माहितीसाठ्यावरून वेळ काढतात. त्याला टीझेड डेटाबेस म्हणतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो १९८०च्या दशकात सुरू केला, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला. त्याचा नियम असा की १९७० नंतर ज्या भागाचं घड्याळ शेजाऱ्यांहून कधीतरी वेगळं चाललं असेल, त्याला स्वतंत्र नाव द्यायचं. ‘अमेरिका/इंडियाना/विनामॅक’ हे नाव त्या अकरा महिन्यांमुळे तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. नुसत्या इंडियानाचे असे आठ झोन आहेत. दुसऱ्या बाजूला त्रिनिदाद आणि टोबॅगो, स्वतंत्र देश, सुमारे १४ लाख लोक. त्याचं घड्याळ १९७० पासून पोर्तो रिकोशी जुळतं, म्हणून २०२१ मध्ये त्याची नोंद पोर्तो रिकोच्या नोंदीत विलीन झाली. बहामाची टोरांटोमध्ये. नावं वापरता येतात, पण ती नुसत्या पाट्या आहेत. पोर्ट ऑफ स्पेनची १९१२ पूर्वीची स्वतःची स्थानिक वेळ मूळ फाइलींमधून बाहेर पडून एका बाजूच्या फाइलीत गेली आणि ती फाइल नेहमीच्या बांधणीत येत नाही. १९७० ही रेघ संगणकाच्या सोयीची आहे. युनिक्सची कालगणना तिथून सुरू होते. इंजिनिअर म्हणून मला नियम पटतो, फाइल लहान राहते आणि चुका कमी होतात. पण नियमाचा परिणाम असा की जो भांडला आणि परत फिरला त्याचा इतिहास राहिला, आणि जो आपल्या वेळेवर शांत बसून राहिला त्याचा गेला.

आपल्यालाही हा नियम लागू आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईने ती सहजासहजी घेतली नाही. ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ महापालिकेच्या घड्याळांवर १९५५ पर्यंत टिकली. डेटाबेसमध्ये भारताला एकच नाव आहे, कोलकाता. मुंबईचं भांडण १९७० आधी मिटलं, म्हणून मुंबई नाही. जुन्या मुंबईकरांच्या पत्रिका पाहणाऱ्या ज्योतिषाला मात्र विचारावंच लागतं की ही जन्मवेळ स्टँडर्ड की बॉम्बे टाइम, आणि १९४२ ते ४५ मधली असेल तर युद्धकाळात पुढे केलेला तास धरला आहे का.

हे ज्योतिषाचं मी गमतीने लिहीत नाही. गावोगावच्या घड्याळांचा इतिहास चिकाटीने गोळा केला तो अमेरिकेतही पत्रिकांसाठीच. टीझेड डेटाबेसने जुन्या काळासाठी थॉमस शँक्स यांच्या ज्या ॲटलासचा आधार घेतला, तो ज्योतिषांसाठी तयार झालेला होता. २०११ मध्ये ॲस्ट्रोलेब या ज्योतिष सॉफ्टवेअरच्या कंपनीने त्यावरून ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर खटला भरला. डेटाबेस काही दिवस इंटरनेटवरून गायब झाला. काही महिन्यांत कंपनीने खटला मागे घेतला आणि तोवर डेटाबेस आयएएनए या संस्थेच्या छत्राखाली गेला होता.

सध्या दोन्ही गावांचं घड्याळ एक आहे खरं, पण जानेवारीच्या सुरुवातीला ग्रँड टर्कवर सूर्य उगवतो साडेसहाच्या थोडा आधी, विनामॅकमध्ये जवळपास सव्वाआठला. रेखांशाचा तास आणि त्यावर उत्तरेकडचा लांबलेला अंधार. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने उन्हाळ्याची वेळ वर्षभर ठेवण्याचं विधेयक एकमताने पास केलं. प्रतिनिधिगृहाने ते हाती घेतलं नाही, तरी दर मार्च-नोव्हेंबरला हा विषय पुन्हा निघतो. वर्षभर उन्हाळ्याची ईस्टर्न वेळ म्हणजे ग्रिनिचच्या चार तास मागे, म्हणजे ग्रँड टर्कने तीन हिवाळे वापरून सोडून दिलेली वेळ. तेव्हा बेटावर जानेवारीतला सूर्योदय साडेसातच्या आसपास जात होता. विनामॅकमध्ये तो सव्वानऊला होईल.